बापपणाचा तक्ता

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यांत घरीं भेटावयास आला. वर्गांत असतांना तो टिपणें फार सुरेख काढीत असे. आतां तो एका मोठ्या कंपनींत अधिकारी आहे आणि साडेपांच वर्षांच्या मुलाचा बाप आहे. चहा झाल्यावर त्यानें खिशांतून घडी घातलेला एक कागद काढून मोठ्या विश्वासानें माझ्या हातीं दिला. "सर, हें पाहा. दोन महिने नेमानें चालविलें आहे." कागदावर उभे-आडवे रकाने आंखलेले होते. मथळा होता, 'उत्तम बाप होण्याच्या दहा दैनंदिन सवयी'. सकाळीं उठतांच मुलाला मिठी मारणें, ही पहिली. दिवसांतून तीनदां त्याची स्तुति करणें, ही दुसरी. रात्रीं दहा मिनिटें गोष्ट वाचून दाखविणें, ही तिसरी. मोबाईल बाजूस ठेवून पंधरा मिनिटें त्याच्याशीं 'संवाद' साधणें, ही चौथी. अशी ती यादी दहापर्यंत गेली होती. ज्या दिवशीं जी सवय पाळली गेली तेथें हिरवी खूण, चुकली तेथें तांबडी. हिरव्या खुणा पुष्कळच होत्या. याचीच मोठी प्रत घरीं फ्रिजवर चिकटविलेली आहे असें तो म्हणाला.

मुलगा हुशार, मनानें निर्मळ. त्याचा हिरमोड करणें माझ्या जिवावर आलें. तरी मीं त्याला एक प्रश्न विचारलाच. "तुझ्या मुलाच्या बुटाचा नंबर किती?" तो हंसला, थोडा विचारांत पडला, आणि मग त्याचा हात खिशांतल्या मोबाईलकडे गेला. "थांबा सर, हिला विचारतों."

त्या एका हालचालीनें मला हा लेख लिहावयास बसविलें आहे.

हल्लीं या विषयाला मोठा बाजार आला आहे. बाप कसा असावा हें सांगणारीं पुस्तकें निघतात, व्याख्यानें होतात, शनिवार-रविवारचीं शिबिरें भरतात, आणि सर्वांचें सार शेवटीं असल्या एखाद्या यादींत उतरतें. सुशिक्षित घरांतील तरुण बाप ही यादी भक्तिभावानें पाळतात. माझें म्हणणें आरंभींच स्पष्ट सांगतों, म्हणजे वाचकांस शेवटपर्यंत ताटकळावें लागणार नाहीं. हे तक्ते मुलासाठीं नसून बापासाठीं असतात. त्यांनीं बापाचें स्वतःविषयींचें समाधान वाढतें, मुलाविषयींचें ज्ञान वाढत नाहीं. आणि ज्या घरांत ते टांगले जातात, त्या घरांतील आईच्या डोक्यावरचा भार त्यांनीं रतिभरही हलका होत नाहीं.

सवय या शब्दाचाच प्रथम विचार करूं. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. त्यांतला एक मुद्दा असा कीं, एखादी कृति अंगवळणीं पडली म्हणजे ती करण्यास लागणारें अवधान कमी होतें. सायकल चालविणें, सदऱ्याचीं बटणें लावणें, दाराला कुलूप घालणें हीं कामें हात आपले आपण करतात, आणि मन दुसरीकडे जावयास मोकळें राहतें. सवयीचा आपल्यावर जो उपकार आहे तो हाच. लक्ष देण्याच्या श्रमांतून ती आपल्याला सोडविते. मग ज्या एका गोष्टीकडे बापानें लक्षच द्यावयाचें, तीच नेमकी सवयीच्या स्वाधीन करावयाची, हा कोणता न्याय? कुलूप लावलें कीं नाहीं हें जिना उतरल्यावर आपल्याला आठवत नाहीं. तशीच सकाळची मिठीही कांहीं आठवड्यांनीं आठवेनाशी होते. म्हणून तर हिरव्या खुणेची गरज भासते!

सवयीला घरांत मुळींच थारा देऊं नये असें मी म्हणत नाहीं. दूध तापविणें, डबा भरणें, गणवेशाला इस्त्री करणें, मोरींत पडलेले मोजे धुणें, हीं कामें बापानें खुशाल सवयीचीं करावींत. इतकीं सवयीचीं कीं तीं करतांना मन त्यांत गुंतूं नये. त्यांतून जें अवधान मोकळें होईल तें मुलाच्या वांट्यास येईल. आमचे तक्तेवाले याच्या अगदीं उलट करतात. जें यांत्रिकपणें व्हावें तें त्यांच्या हातून होतच नाहीं, आणि जें यांत्रिक होतां कामा नये त्याचें ते यंत्र करतात.

या तक्त्यांचा मूळपुरुष कोण, हें आमच्या तरुण मित्रांना बहुधा ठाऊक नसेल. बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्यानें नैतिक पूर्णतेस पोंचण्याच्या इच्छेनें तेरा सद्गुणांची यादी केली होती. मिताहार, मौन, व्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग असे ते गुण, आणि सर्वांत शेवटीं विनय. एका छोट्या वहींत सात वारांचे सात रकाने व तेरा गुणांच्या तेरा ओळी आंखून, ज्या दिवशीं ज्या गुणाविरुद्ध वर्तन घडे तेथें तो काळा ठिपका देई. आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष, तेरा आठवड्यांचें एक आवर्तन, वर्षास चार आवर्तनें, असा तो हिशेब होता. हा वृत्तान्त त्याच्या आत्मचरित्रांत आला आहे, आणि त्या आत्मचरित्राचा आरंभ १७७१ सालीं त्यानें आपल्या मुलाला उद्देशूनच केला होता. हा मुलगा विल्यम त्या वेळीं न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. पुढें अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. बाप बंडाच्या बाजूस गेला, मुलगा राजाच्या बाजूस राहिला. १७७६ सालीं मुलगा कैद झाला. त्याची पत्नी न्यूयॉर्कमध्यें मरणाच्या दारीं असतां तिला भेटण्याची परवानगी त्याला मिळाली नाहीं, आणि १७७७ सालीं ती वारली.

यापुढचा भाग मला विशेष वाटतो. युद्ध संपल्यावर, १७८४ सालीं, मुलानें बापाला समेटाचें पत्र धाडलें. बाप तेव्हां पॅरिसजवळ पासी येथें राहत होता. आत्मचरित्राचा दुसरा भाग, म्हणजे ज्यांत सद्गुणांच्या वहीचें वर्णन आहे तोच भाग, त्यानें त्याच पासी येथें, त्याच १७८४ सालीं लिहावयास घेतला! मुलाला त्यानें उत्तर पाठविलें, पण त्या उत्तरांत मुलानें आपल्याला किती दुखविलें हेंच अधिक. पुढल्या वर्षीं साउदॅम्प्टन बंदरांत दोघांची गांठ पडली ती मुख्यतः मालमत्तेचे व्यवहार मिटविण्यापुरती. त्यानंतर ते पुन्हां भेटले नाहींत. मृत्युपत्रांत मुलाला जवळजवळ कांहींच मिळालें नाहीं, आणि युद्धांतील त्याचें वर्तन हेंच त्याचें कारण म्हणून तेथें नमूद आहे. तंटा राजकीय होता हें मी विसरत नाहीं, आणि सारा दोष बापाचा होता असें म्हणण्याइतका मी धीट नाहीं. परंतु त्या तेरा गुणांत संयम हाही एक गुण होता, आणि झालेल्या अपकाराचा राग आवरणें असा त्याचा अर्थ फ्रँकलिननें स्वतःच लावून ठेविला होता. वहींत त्या गुणासाठीं ओळ आंखलेली होती; पासीच्या त्या पत्रापाशीं मात्र ती बापाच्या कामीं आली नाहीं.

इंग्लंडांत याच शतकांत लॉर्ड चेस्टरफील्ड यानें आपल्या मुलाला पत्रें लिहिलीं. मुलगा पांच वर्षांचा असल्यापासून, म्हणजे १७३७ च्या सुमारास, हा क्रम सुरू झाला आणि सुमारें तीस वर्षें अखंड चालला. चारशेंहून अधिक पत्रें झालीं. कसें उभें राहावें, कसें हंसावें, लॅटिन कोणतें वाचावें, स्त्रियांशीं कसें बोलावें, मंत्र्यांशीं कसें बोलावें, सारें त्यांत आहे. मी विद्यार्थ्यांना त्यांतले उतारे वर्षानुवर्षें शिकविले आहेत. भाषा म्हणाल तर नितळ, डौलदार, कोणाही प्राध्यापकास हेवा वाटावा अशी. मुलाच्या सुधारणेसाठीं इतका नेम इतकीं वर्षें पाळणारा दुसरा बाप सांपडणें कठीण. १७६८ सालीं तो मुलगा परदेशांत मरण पावला, आणि त्यानंतर बापाला कळलें कीं मुलाचें लग्न झालेलें होतें, आणि त्याला दोन मुलगेही होते! सून व नातू आहेत ही गोष्ट चारशें पत्रें लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हती. त्याच सुनेनें पुढें, सासऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७४ सालीं तीं पत्रें छापून काढलीं; म्हणून तर तीं आज आपणांस वाचावयास मिळतात. त्या चारशें पत्रांवर तक्त्यांत चारशें हिरव्या खुणा पडल्या असत्या.

परदेशांतलींच उदाहरणें कशाला, असें कोणी म्हणेल. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून मराठी घरांत वाचलीं जात आहेत. त्यांचे वडील नाना यांचें चित्र कोणा वाचकाच्या डोळ्यांपुढून हललें असेल? १८५७ च्या धामधुमींत कुटुंबावर जी आपत्ति कोसळली तिच्या धक्क्यानें त्यांच्या मनानें सोंवळ्याचा ध्यास घेतला. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्यावांचून घरांत घेणें नाहीं, आणि स्पर्शाचा संशय आला कीं पुन्हां स्नान. लक्ष्मीबाई हें सारें विनोदानें सांगतात, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. पण त्या घरांतील मुलें व विशेषतः त्यांची आई त्या नित्यनेमाखालीं किती भरडून निघाली असतील हें त्या हंसण्याच्या आड दिसल्यावांचून राहत नाहीं. नाना नेम चुकविणारे नव्हते. नेमाचा त्यांनीं अतिरेकच केला. पण तो नेम त्यांच्या स्वतःच्या शुद्धीसाठीं होता. आजच्या तक्त्यांतला नेम शब्दांनीं निराळा आहे; सोंवळ्याच्या जागीं 'संवाद' आला आहे, एवढेंच. बाप शुद्ध होण्याच्या खटपटींत असतो, आणि पाणी दुसऱ्यानें भरावयाचें असतें.

आतां माझ्या स्वतःविषयीं. दुसऱ्यास बोधामृत पाजणें हा आम्हां प्राध्यापकांचा पिढीजात रोग आहे, तेव्हां त्याचें थोडें प्रायश्चित्तही घेतलें पाहिजे. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, कचेरींतून घरीं आले कीं घर गप्प होत असे. कोट खुंटीला लागला कीं आम्ही भावंडें पुस्तकांत डोकें खुपसून बसत असूं. परीक्षेचे गुण विचारण्यापलीकडे त्यांचें माझ्याशीं फारसें बोलणें झाल्याचें मला आठवत नाहीं. मी बाप झालों तेव्हां असा बाप व्हावयाचें नाहीं असा निश्चय केला आणि तो निष्ठेनें पाळला. रोज रात्रीं आठ ते साडेआठ ही वेळ मुलीची. त्या अर्ध्या तासांत मी तिला गोष्टी वाचून दाखवी. मराठी, इंग्रजी, रवींद्रनाथांची काबुलीवाल्याची गोष्ट तर तीन-चारदां. ती तल्लीन होऊन ऐके. शेजारीपाजारी, नातलग, सारे म्हणत, बाप असावा तर असा. माझ्या भिंतीवर तक्ता नव्हता इतकेंच. मनांत पुरा टांगलेला होता, आणि सारा हिरवागार होता.

२००४ च्या पावसाळ्यांत माझ्या पत्नीला एका शस्त्रक्रियेसाठीं अकरा दिवस रुग्णालयांत राहावें लागलें. मुलगी तेव्हां नऊ वर्षांची होती. तिसऱ्या रात्रीं तिला ताप भरला. सकाळीं तिला घेऊन मी जवळच्या एका डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं तपासलें, लेखणी उघडली आणि विचारलें, "हिला कोणत्या औषधाचा त्रास होतो का?" मी स्तब्ध. तापानें लाल झालेली पोर बांकावर आडवी पडली होती, ती पडल्यापडल्याच म्हणाली, "सल्फा नको, काका. मला सल्फा चालत नाहीं. अंगावर गांधी उठतात." डॉक्टरांनीं मान हलवून तें कागदावर लिहून घेतलें. माझ्याकडे त्यांनीं एकदां पाहिलें. त्या पाहण्यांत ठपका असता तर मला बरें वाटलें असतें, तो नव्हता. असे बाप त्यांना रोजच भेटत असावेत.

घरीं आल्यावर मीं तिला विचारलें, "हें तुला कोणीं सांगितलें?" ती म्हणाली, "आईनें माझ्याकडून पाठ करून घेतलें आहे. ती बरोबर नसली तर कोण सांगणार, म्हणून." मी घरांतच होतों; तरी 'ती बरोबर नसली तर' या हिशेबांत मला जमेस धरलेलें नव्हतें, आणि तो हिशेब बरोबर होता.

ताप दोन दिवसांत उतरला. राहिलेल्या दिवसांत जें माझ्या पदरांत पडलें तें नऊ वर्षांच्या अर्ध्याअर्ध्या तासांत पडलें नव्हतें. मला वेणी घालतां येत नसे. शाळेंत दोन वेण्या लागत. पहिल्या दिवशीं एक कानावर आली आणि एक मानेवर. ती कांहीं न बोलतां तशीच शाळेंत गेली. चौथ्या-पांचव्या दिवशीं हात थोडा बसला. ती माझ्याकडे पाठ करून बसलेली, माझे दोन्ही हात केसांत गुंतलेले, तोंडांत रिबीन; आणि अशा वेळीं ती सहज बोलून गेली कीं तिची मैत्रीण जूनपासून दुसऱ्या तुकडींत गेली आहे, आणि मधल्या सुटींत ती एकटीच बसून डबा खाते. दोन महिने! या दोन महिन्यांतल्या प्रत्येक रात्रीं मी तिच्यासमोर बसून गोष्ट वाचीत होतों. आजचा दिवस कसा गेला हेंही विचारीत होतों, आणि ती 'चांगला गेला' म्हणत होती. समोरासमोर बसवून मुलाला प्रश्न विचारला कीं तें परीक्षेला बसल्यासारखें उत्तर देतें. तेथें बरोबर उत्तर कोणतें हें त्याला चांगलें कळतें. मोठ्या माणसाचे हात कामांत आहेत, डोळे दुसरीकडे आहेत, आणि तें लवकर उठून जाणार नाहीं, अशी खात्री पटली म्हणजे मुलें बोलतात. आयांना मुलांचें सारें कळतें याला आपण मातृहृदय वगैरे मोठीं नांवें देतों. त्यांत हृदयाचा भाग किती असेल तो असो. वेणी घालण्याचा भाग बराच आहे.

यावरून माझें म्हणणें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. मुलाविषयींचें ज्ञान हें त्याच्यासाठीं उपसलेल्या कष्टांच्या पोटीं येतें. त्याच्यासाठीं राखून ठेविलेल्या वेळाच्या पोटीं येईलच असें नाहीं. बुटाचा नंबर ज्याला ठाऊक असतो, त्याला अंगठा कोठें टोंचतो हेंही ठाऊक असतें. बूट आणावयाचे दुसऱ्यानें, ताप मोजावयाचा दुसऱ्यानें, शाळेची सूचना वाचावयाची दुसऱ्यानें, आणि बापानें मात्र रात्रीं दहा मिनिटें प्रेम करावयाचें. अशा घरांत बाप हा मुलाच्या आयुष्यांतला पाहुणा असतो. लाडका असेल, पण पाहुणा.

आंकडे पाहावयाचे तर तेही आहेत. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानें २०१९ सालीं लोकांच्या दिवसभराच्या वेळाची पाहणी केली. विनामोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यांत दिवसास सरासरी २९९ मिनिटें जात होतीं. तेंच करणाऱ्या पुरुषांचीं ९७. पुढची पाहणी २०२४ सालीं झाली. स्त्रियांचीं मिनिटें २८९ वर आलीं, आणि पुरुषांचीं ८८ वर. पांच वर्षांत दोघांचेंही काम उतरलें, पण मधलें अंतर जवळजवळ होतें तेथेंच राहिलें. शिवाय हे आंकडे जे पुरुष घरकाम करतात त्यांचे. २०१९ च्या पाहणींत असे पुरुष शंभरांत सव्वीस होते. या पांच वर्षांत बापपणाच्या उपदेशाला कांहीं खळ पडला नव्हता.

आणि जे करतात त्यांची भाषा ऐका. "मी हिला घरांत मदत करतों." मदत दुसऱ्याच्या कामांत करतात. आपल्या मुलाचा डबा भरणें ही मदत असेल तर मूल कोणाचें? पालकसभेला बाप आला कीं शिक्षिका कौतुकानें म्हणतात, वा, आज बाबा आले! आई दर सभेला येते. तिला वा म्हणावयास कोणी बसलेलें नसतें. बापाची टाळी इतकी स्वस्त झाली आहे कीं ती मिळविण्यासाठीं दहा सवयींचीही गरज पडूं नये.

कायद्यानेंही आमची चैनच केली आहे. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई, असें ठरविलें. 'नंतर' म्हणजे बाप मेल्यावरच नव्हे, तर तो प्रत्यक्ष पालकत्व करीत नसेल तेव्हांही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाला १९९९ सालीं गीता हरिहरन यांच्या खटल्यांत लावावा लागला. पण त्याच १९५६ च्या कायद्यांत पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावें असेंही म्हटलें आहे. म्हणजे मालकी बापाची आणि रात्रीचें जागरण आईचें. महाराष्ट्रांत तर मुलाच्या नांवाच्या मधोमध बापाचें नांव बसविण्याची आपली जुनी चाल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतींत सरकारी कागदांवर बापाच्या नांवाआधीं आईचें नांव घालण्याचा नियम राज्य सरकारनें केला तेव्हां आमच्या कट्ट्यावरील कांहीं सद्गृहस्थांना फार वाईट वाटलें. मुलाच्या नांवाच्या मध्यावर आपण असावें याचा त्यांना जितका आग्रह आहे, तितका मुलाच्या दिवसाच्या मध्यावर असण्याचा कधीं दिसला नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार केला पाहिजे, ते येणारच. कोणी म्हणतील, अहो, कांहींच न करणाऱ्या बापापेक्षां तक्ता पाळणारा बाप बरा नव्हे काय? मिठी मारणें वाईट आहे काय? गोष्ट वाचणें वाईट आहे काय? मुळींच नाहीं. त्या काबुलीवाल्याबद्दल मला आजही खंत नाहीं. माझ्या मुलीलाही नाहीं. तक्त्याचा दोष निराळाच आहे. तो पावती देतो. कांहींच न करणाऱ्या बापाला आपण कांहीं करीत नाहीं हें निदान अंधुकपणें टोंचत असतें. दहा हिरव्या खुणा मिळविणाऱ्याला तें टोंचणें बंद होतें. कर्ज फेडलें नाहीं तरी चालेल, पण फेडल्याची पावती हातांत असली म्हणजे मग सावकार दारांत उभा राहिला तरी माणूस त्याच्यावरच डोळे वटारतो. "मी मुलाला इतका वेळ देतों, आणखी काय करूं?" हें वाक्य मीं किती घरांत ऐकलें आहे! मींही तें २००४ पूर्वीं एकदां म्हटलें होतें. पत्नी त्या वेळीं कांहीं बोलली नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला मी मान देतों. बदलापुराहून पहाटेची लोकल पकडून मुंबईस जाणारा आणि रात्रीं नऊनंतर घरीं परतणारा कारकून वेणी केव्हां घालणार? मूल उठण्यापूर्वीं तो घर सोडतो, आणि परततो तेव्हां मूल झोंपलेलें असतें. हा लेख त्याच्याविरुद्ध नाहीं. खरें म्हणजे त्याच्या घरीं तक्ता नसतोच. तक्ता ज्याला संध्याकाळ मोकळी असते त्याच्या घरीं असतो. या माणसाला मी एवढेंच सुचवीन कीं रविवारीं मुलाला बागेंत नेऊन आईसक्रीम खाऊं घालण्याऐवजीं, पुढच्या आठवड्याचे कपडे, वह्या, नखें, केस, राहिलेला अभ्यास हें सगळें त्यानें आपल्याकडे घ्यावें, आणि आईनें हवें तर बागेंत जावें. आणि त्याच्या वतीनें एक गोष्ट आपणां सर्वांनीं बोलावयास हवी. केंद्र सरकारच्या नोकरांना अपत्यजन्माच्या वेळीं पंधरा दिवसांची पितृत्वरजा मिळते, तीही पहिल्या दोन अपत्यांपुरती. २०१७ सालीं मातृत्वरजेचा कायदा सुधारून ती २६ आठवड्यांची केली, हें उत्तम झालें. पण त्या सुधारणेंत बापाविषयीं अवाक्षर नव्हतें. मूल जन्मतांच कायदा आईला सांगतो, तूं घरीं राहा. बापाला सांगतो, तूं कामावर जा. मग पांच वर्षांनीं त्याला दहा सवयींची यादी विकत घ्यावी लागते यांत नवल काय? या पंधरा दिवसांचें काय होतें हेंही मी पाहिलें आहे. माझे एक सहकारी ती रजा घेऊन प्रबंधाचीं दोन प्रकरणें पुरीं करून आले. बाळंतीण आणि बाळ माहेरीं होतीं.

तिसरा आक्षेप माझ्याच वयाचे लोक घेतात. बापानें डबे भरले, मोजे धुतले, तर त्याचा धाक काय राहील? त्याला उत्तर देण्यांत मी जागा दवडीत नाहीं. धाकाचा अनुभव मला अण्णांच्या कोटापासून आहे.

तो विद्यार्थी त्या दिवशीं थोडा खट्टू होऊनच गेला. कागद मात्र घडी घालून पुन्हां खिशांत ठेवावयास विसरला नाहीं. गेल्या आठवड्यांत त्याचा फोन आला. पत्नी आठ दिवसांसाठीं आईच्या आजारपणाकरितां नागपुरास गेली होती आणि घरीं तो व मुलगा दोघेच होते. मुलाला दुधावरची साय तोंडांत आली कीं ओकारी येते, आणि म्हणून तो दूध चोरून मोरींत ओतीत असे, हें त्याला चवथ्या दिवशीं कळलें होतें. "मग आतां काय करतोस?" मीं विचारलें. "गाळून देतों, सर," तो म्हणाला, "पण गाळणी कोठें ठेविली आहे तेंच सांपडत नव्हतें. शेवटीं त्यानेंच दाखविली." फ्रिजवरच्या तक्त्याचें काय झालें हें मीं विचारलें नाहीं, आणि त्यालाही त्या गडबडींत तें सांगावयाचें सुचलें नसावें, कारण मधेंच पलीकडून कुकरची शिटी ऐकूं आली आणि त्यानें घाईनें फोन ठेविला.